हरणाऱ्या संघाच्या कोचने कुणाचं ऐकावं?

धुळ्याहून जळगावला येणाऱ्या एसटीत त्या संध्याकाळी आमची चौदा पोरं होती आणि एकही बोलत नव्हता. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. एरवी एरंडोलच्या स्टँडवर वडापावसाठी दंगा असतो. त्या दिवशी कुणी खाली उतरलं नाही. ओळीने तिसरा सामना हरलो होतो, आणि तोही जिंकत आणलेला.

मी काही शिकलेला कोच नाही. शाळेत शिकवतो आणि रविवारी सकाळी पोरांना घेऊन मैदानावर जातो. मोहल्ल्यातली काही पोरं, शेजारच्या कॉलनीतली काही, दोन-तीन गावाकडून शिकायला आलेली. किट वर्गणीतून घेतलेलं. या संघाचा निवडकर्ता मी, कोच मी, पंक्चर झालेल्या सायकलीचे पैसे देणाराही मीच. तरी त्या रात्री घरी पोचेपर्यंत मला सहा फोन आले आणि सहाही जणांकडे उद्याचा संघ तयार होता. ओपनर बदला. कीपर बदला. कॅप्टन बदला. एकाने तर सांगितलं, "सर, सगळा संघच बदला, नवीन पोरं घ्या."

कुणीही विचारलं नाही की आपण हरलो कशामुळे. सगळ्यांना नाव हवं होतं.

त्या फोनांनंतर मी क्रिकेटमधल्या दोन माणसांचा बराच विचार केला. दोघे मुंबईचे, एकाच संघातून वर्षानुवर्षं खेळलेले. 2006-07 साली मुंबईने रणजी करंडक जिंकला तेव्हा अमोल मुझुमदार कॅप्टन होता आणि वसीम जाफर त्याच संघातला बॅट्समन. पुढे दोघेही कोच झाले, आणि हरणाऱ्या संघाचा कोच होणं म्हणजे काय हे दोघांनीही पाहिलं. पण दोघांच्या वाट्याला वेगवेगळं आलं.

आधी मुझुमदार. 1988 साली शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची भागीदारी केली, ती सगळ्यांना पाठ आहे. त्या वेळी पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा म्हणजे अमोल. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260, प्रथम श्रेणीत 11,167 धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. असा माणूस ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचा कोच झाला, तेव्हा बऱ्याच जणांना तो निव्वळ सांत्वनाचा मान वाटला. एक वर्षाने टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ गटातच बाद झाला आणि टीका सुरू झाली.

मग आला 2025 चा विश्वचषक, आपल्याच देशात. श्रीलंका आणि पाकिस्तानला हरवून सुरुवात झाली. त्यानंतर ओळीने तीन पराभव. विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हातात आलेला सामना नादिन डी क्लर्कने नेला. त्याच मैदानावर 330 धावा करूनही ऑस्ट्रेलियाने त्या पार केल्या. इंदूरला इंग्लंडविरुद्ध फक्त चार धावांनी हार. तिन्ही सामने जिंकता येण्यासारखे होते. दणकून हरलेल्या माणसाला निदान झोप तरी लागते. जिंकत आलेला सामना हरला की चेंडू-चेंडू डोळ्यांपुढे येत राहतो.

मुझुमदारच्या निवडीबद्दल मला जे म्हणायचंय ते इथे सुरू होतं. पहिल्या दोन पराभवांत अडचण स्पष्ट होती. भारत पाच गोलंदाज घेऊन खेळत होता आणि एखादीला मार पडला की चेंडू द्यायला सहावी नव्हती. म्हणून इंदूरच्या सामन्यात रेणुका सिंगला घेतलं आणि जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं. जेमिमा त्याआधी चार सामन्यांत दोनदा शून्यावर गेली होती, त्यामुळे बाहेर बसवायला तीच सोपी होती. सामना हरला, तोही बॅटिंगमध्ये. शेवटच्या षटकांत जेमिमासारखी पळून धावा काढणारी हवी होती असं सगळेच म्हणाले.

निर्णय चुकला असं मानू. चुकल्यावर काय करायचं? बहुतेक कोच इथे दोनपैकी एक करतात. एक तर हट्ट धरतात, "माझं बरोबरच होतं" म्हणून तोच संघ पुन्हा उतरवतात. नाहीतर घाबरून मागे फिरतात आणि पुन्हा जुनाच संघ उतरवतात. चार दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध जो संघ उतरला त्यात यातलं काहीच नव्हतं. रेणुका राहिली, म्हणजे गोलंदाजी भक्कम करायची गरज खरी होती हे मान्य झालं. आणि जेमिमा परत आली, म्हणजे तिला बसवून ती गरज भागवणं बरोबर नव्हतं हेही मान्य झालं. शिवाय तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. तिने नाबाद 76 केल्या. 30 ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तीच नाबाद 127 करून उभी राहिली. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर इतका मोठा पाठलाग कुणी यशस्वी केला नव्हता. 2 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारत पहिल्यांदा जगज्जेता झाला.

तिथे आणखी एक परत आलेली होती. शफाली वर्माला वर्षभरापूर्वी एकदिवसीय संघातून वगळलं होतं. विश्वचषकाच्या मूळ संघात तर ती नव्हतीच. बांगलादेशविरुद्ध प्रतिका रावलचा पाय दुखावला आणि हरियाणाकडून देशांतर्गत सामने खेळणाऱ्या शफालीला बोलावणं गेलं. अंतिम सामन्यात 87 धावा आणि दोन बळी.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जिंकल्यावरचं शहाणपण आहे. त्यात तथ्य आहे. शफाली परतली ती कुणाच्या योजनेमुळे नाही, एका दुखापतीमुळे. उपांत्य सामन्यात जेमिमाचे झेल सुटले. त्यातला एक घेतला गेला असता तर आज मुझुमदारच्या नावाने शंख झाला असता, आणि त्याचे निर्णय मात्र तेच राहिले असते. म्हणून मी निकालावरून त्याला शंभर गुण देत नाही. मी बघतो तो निर्णयांचा क्रम. हरल्यावर त्याने संघात कोणतं काम करायला माणूस नाही हे शोधलं. ते भरताना चूक झाली तर चार दिवसांत दुरुस्त केली. आणि ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी दार लावून घेतलं नाही. सामना हरला असता तरी या तीन गोष्टी बरोबरच असत्या.

दुसरा माणूस वसीम जाफर. बस ड्रायव्हरचा मुलगा, रणजीत 12,038 धावा, इतक्या आजवर कुणाच्याच नाहीत. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असा दोनदा रणजी जिंकला तेव्हा त्या संघात होता. म्हणजे लहान समजला जाणारा संघ कसा उभा राहतो हे त्याने आतून पाहिलेलं. निवृत्त झाल्यावर 2020 च्या जूनमध्ये त्याने उत्तराखंडची जबाबदारी घेतली. नवखा संघ होता. बाहेरून तीन अनुभवी खेळाडू आणले: जय बिस्टा, इक्बाल अब्दुल्ला आणि महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं गोलंदाजी केलेला समद फल्लाह. टी-ट्वेंटी स्पर्धेत संघाची कामगिरी वाईट झाली. 9 फेब्रुवारी 2021 ला जाफरने राजीनामा दिला. त्याचं म्हणणं साधं होतं: निवडीत हस्तक्षेप होतो, लायक नसलेल्या खेळाडूंसाठी आग्रह धरला जातो, कोचला विचारलं जात नाही.

हा क्रिकेटचा वाद होता. त्याचं उत्तर क्रिकेटमध्ये देता आलं असतं. कोणता खेळाडू लायक, कोणता नाही, आकडे काढून बसता आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी चर्चा कुठे गेली? तो मुसलमान खेळाडूंना पुढे करतो, कॅप्टन मुसलमान केला, शिबिरात मौलवी आले. जाफरला पत्रकारांसमोर बसून एकेका गोष्टीचा खुलासा करावा लागला. कॅप्टन म्हणून त्याची पसंती जय बिस्टाला होती, इक्बालचं नाव निवडकर्त्यांनी सुचवलं. जुम्याच्या नमाजसाठी मौलवींना त्याने बोलावलं नव्हतं, आणि त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी घेतलेली होती. पंचवीस वर्षं मुंबई-विदर्भाच्या ड्रेसिंग रूममध्ये काढलेल्या माणसाला, मी संघ कसा निवडतो याऐवजी मी कोण आहे याचा हिशेब द्यावा लागला. अनिल कुंबळेने जाहीरपणे सांगितलं की तू बरोबर केलंस. आणखीही काही खेळाडू बोलले. बरेच मोठे गप्प राहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दुबईला भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला आणि शिव्या पडल्या एकट्या मोहम्मद शमीला. विराट कोहलीने तेव्हा त्याची बाजू घेतली, ते मी विसरणार नाही. आणि जेमिमा? विश्वचषकाच्या वर्षभर आधी तिच्या वडिलांवर झालेल्या आरोपांवरून खार जिमखान्याने तिचं मानद सदस्यत्व रद्द केलं होतं. वडिलांनी आरोप नाकारले होते. उपांत्य सामना जिंकल्यावर तिने स्वतः सांगितलं की त्या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती. ज्या पोरीला धावा झाल्या नाहीत म्हणून बसवलं, तिच्याविषयी बाहेर काय काय बोललं जात असेल याचा अंदाज माझ्यासारख्याला लगेच येतो. संघ जिंकत असतो तोवर हे सगळं झाकलेलं असतं. तीन पराभव झाले की झाकण उघडतं.

हे वाचून कुणी मान डोलावत असेल तर त्याने थांबावं, कारण पुढचं आपल्या घरातलं आहे.

मला आलेल्या सहा फोनांपैकी एक मोहल्ल्यातला होता. माणूस चांगला, पाच वक्ताचा नमाजी, संघाला दरवर्षी वर्गणी देणारा. तो म्हणाला, "सर, तुम्ही असून आपली फक्त सहाच पोरं? कॉलनीवाले त्यांच्या संघात आपल्यातलं एक तरी घेतात का?" आणि एक फोन कॉलनीतला होता. त्याने हसत हसत विचारलं, "काय भो सर, बॉलर बदलला तो बरोबर तुमच्यातलाच मिळाला?" दोघांच्या मनातला कागद एकच आहे. त्यावर पोरांची नावं नाहीत, दोन रकाने आहेत. जाफरवर जो आरोप झाला तो खोटा म्हणून मला राग येतो. पण माझ्याच मोहल्ल्यातला माणूस मला तो आरोप खरा करून दाखवायला सांगतो तेव्हाही मला तितकाच राग यायला हवा. त्या रात्री आला नाही, हे कबूल करतो. मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

आता त्या बॉलरबद्दल. धुळ्याच्या आधीचा सामना आम्ही हरलो तो शेवटच्या चार षटकांत, चेंडू टाकायला माणूस नव्हता म्हणून. मी ओपनरला बसवलं आणि एक बॉलर घेतला. मुझुमदारने इंदूरला जे केलं तेच, फक्त मैदान आणि माणूस छोटा. ओपनर हिंदू, बॉलर मुसलमान. माझ्या डोक्यात हे आलंसुद्धा नाही, असं मी शपथेवर सांगेन. पण मी त्या पोराला काहीच सांगितलं नाही. सकाळी बस सुटायच्या आधी अकरा नावं वाचली आणि त्याचं नाव नव्हतं. तो बॅग घेऊन मागच्या सीटवर बसला, दिवसभर पाणी पोचवलं, परत आला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

महिन्याभराने तो मला रावेरच्या रस्त्यावर दिसला. केळीच्या ट्रकवर हिशेब लिहायला लागलाय. मी स्कूटर थांबवली, त्याला कारण सांगितलं. सहावा बॉलर हवा होता, तुझी बॅटिंग खराब म्हणून नाही, आणि माझं चुकलं, तुला बसवायला नको होतं, दुसऱ्या कुणाला बसवता आलं असतं. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "जाऊ द्या ना सर. मला नव्हतं वाटत तसं. पण घरी काका म्हणाले, त्यांच्यातला घेतला असंल म्हणून."

मला नव्हतं वाटत तसं. हे त्याने मला सांगितलं, यात त्याचा मोठेपणा. पण महिनाभर त्याच्याकडे दुसरं कारणच नव्हतं. मी दिलेलं नव्हतं. कोच गप्प बसला की त्याची जागा काका घेतो, शेजारी घेतो, मोबाइल घेतो, आणि त्यांच्याकडे एकच कारण कायम तयार असतं. जाफरकडे सांगायला क्रिकेटची कारणं होती, तरी लोकांनी ती ऐकली नाहीत. माझ्याकडेही होतं, आणि मी ते सांगितलंच नाही. त्याच्यावर अन्याय झाला. माझ्याकडून चूक झाली. दोन्हींना एका मापात मोजून चालणार नाही.

तेव्हा हरणाऱ्या संघाच्या कोचने कुणाचं ऐकावं, याचं माझं उत्तर आता असं आहे. नावं घेऊन येणाऱ्याचं ऐकू नये, मग तो वर्गणी देणारा असो की पदाधिकारी. मैदानावर काय कमी पडलं ते सांगणाऱ्याचं जरूर ऐकावं, मग तो पाणी पोचवणारा का असेना. संघ उभा करताना एका वेळी एकच वीट हलवावी. सगळा संघ बदला म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी मैदानावर यायचं नसतं, आपल्याला असतं. आणि ज्याला बाहेर बसवलं त्याला कारण सगळ्यांच्या आधी, एकट्याला बाजूला घेऊन, स्पष्ट सांगावं. परत यायची वाटही त्याच वेळी सांगावी.

आणि संघटनांसाठी, क्लबांसाठीही एक गोष्ट. चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला रणजी जिंकून दिला, मग 2022 मध्ये मध्य प्रदेशला, आणि तोही मुझुमदारच्याच मुंबईला अंतिम सामन्यात हरवून. शिस्तीसाठी ते प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या कडकपणाबद्दल दुमत असू शकतं. पण कडक राहता येईल इतका अधिकार त्यांना मिळाला. पराभवाची जबाबदारी कोचची आणि निवड दुसऱ्याची, असा व्यवहार करून कुठलाच संघ उभा राहत नाही. आमच्या खान्देशातल्या पोरांना तर पुण्याला जाऊन महाराष्ट्राच्या निवडीत उतरायचं असतं. चारशे किलोमीटर प्रवास करून गेलेल्या पोराला निदान एवढं कळायला हवं की आपलं नाव का नाही. तेवढं कळलं तर तो पुढच्या वर्षी पुन्हा जातो.

मोहल्ल्यातल्या त्या गृहस्थांना मी परवा असरनंतर भेटलो. सांगितलं की संघात सहा पोरं आहेत की आठ हे मी मोजणार नाही, आणि वर्गणी त्याच अटीवर असेल तर नको. ते थोडे रागावले. मग म्हणाले, विचार करतो.

कॉलनीतल्याला फोन केला. बॉलर का घेतला ते षटकांचा हिशेब देऊन सांगितलं. तो म्हणाला, "अहो सर, मी गंमत केली." असेल.

ओपनरला निरोप दिलाय की रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये, वरचा क्रमांक तुझाच आहे. केळीच्या गाड्या भरायचं काम रात्री चालतं, सकाळी झोप येते, बघतो सर, म्हणाला. मी किटमध्ये त्याची बॅट ठेवली आहे.